जाळें आणि घरकुल

पारध्यानें पसरलेल्या जाळ्यांत सांपडलेल्या कबुतरांची गोष्ट महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक आहे. हितोपदेशांतील चित्रग्रीव राजा आपल्या परिवाराला एकाच वेळीं उड्डाण करावयास सांगतो, जाळ्यासकट सारे पक्षी आकाशांत जातात, आणि हिरण्यक नांवाचा मित्र उंदीर आपल्या दांतांनीं त्यांचे पाश तोडतो. शाळेंत ही कथा सांगून झाली कीं शिक्षक तात्पर्य सांगतात, मुलें तें वहींत उतरून घेतात, आणि तास संपतो. १९७४ सालीं मुंबईंतील एका चित्रकारानें या कथेला रंग, रेषा आणि गति दिली. 'एक अनेक और एकता' हें त्या कृतीचें नांव. लांबी अवघी सात मिनिटांची. पुढें तीनच वर्षांनीं त्याच चित्रकारानें एक मोठा बोलपट काढला. त्यांत पक्षी नव्हते, पण जाळें होतें. आणि या खेपेस तें कुरतडावयास कोणी हिरण्यक आला नाहीं. त्या बोलपटाचें नांव 'घरौंदा'. उत्तर हिंदुस्थानांत मुलें खेळतांना मातीचें अगर ओल्या वाळूचें जें चिमुकलें घर बांधतात, त्याला घरौंदा म्हणतात. आपल्याकडे त्याला घरकुल म्हणावें.

मोठ्यांच्या दु:खाला मुलांच्या खेळांतलें नांव देणारा हा चित्रकार म्हणजे भीमसेन खुराना. नामावळींत मात्र केवळ 'भीमसेन' एवढेंच नांव येई. मराठी माणसाला भीमसेन म्हटलें कीं किराणा घराण्याचे जोशीबुवाच आठवावयाचे. हे भीमसेन निराळे; तथापि तरुणपणीं त्यांनींहि चित्रकलेबरोबर शास्त्रोक्त संगीताचें शिक्षण घेतलें होतें, हा एक योगायोगच.

महाराष्ट्राला हलत्या चित्रांचा नाद जुना आहे. कल्याणच्या पटवर्धन मंडळींनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशांत सरकवून 'शांबरिक खरोलिके'चे खेळ ठिकठिकाणीं केले. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं, १९१२ सालीं, कुंडींत पेरलेल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो हें एकेक छायाचित्र घेऊन पडद्यावर दाखविलें, आणि आपल्या धंद्यास लागणारें भांडवल त्या वेलाच्या जोरावर मिळविलें. पुढें १९१५ च्या सुमारास त्यांनीं 'आगकाड्यांची मौज' या छोट्या चित्रपटांत निर्जीव काड्या नाचविल्या. प्रभात कंपनीनेंहि १९३४ च्या सुमारास 'जंबूकाका' नांवाचा कार्टूनपट काढून पाहिला. हे खेळ मुलांचे कीं मोठ्यांचे, असा प्रश्न त्या काळीं कोणाच्या मनांत आला नसावा. तंबूंत बाप, आजी आणि नातू एकाच बांकावर बसत, आणि काडी नाचूं लागली म्हणजे तिघेहि सारखेच चकित होत. हलतीं चित्रें तेवढीं मुलांचीं, आणि माणसें दिसतील तो चित्रपट मोठ्यांचा, ही वांटणी नंतरची आहे. अमेरिकेंतील वॉल्ट डिस्ने यांच्या कारखान्यांतून उंदीर, बदकें आणि हरणें जगभर जाऊं लागलीं, तेव्हांपासून ती रूढ झाली. त्यांतून कार्टून काढणारा म्हणजे बालांचें मन रिझविणारा, म्हणून थोडा धाकटा कलावंत, असाहि एक समज पसरला. भीमसेन यांच्या चरित्रांत या समजुतीचा कस लागलेला दिसतो.

त्यांचा जन्म १९३६ सालीं मुलतान येथें झाला. १९४७ सालीं फाळणी झाली, मुलतान पाकिस्तानांत गेलें, आणि खुराना कुटुंब लखनौस आलें. अकरा वर्षांच्या मुलानें घर सोडलें तें परत कधींच दिसावयाचें नव्हतें. एवढ्यावरून त्याच्या तीस वर्षांनंतरच्या कृतीचा अर्थ लावूं जाणें चरित्रकारांच्या आवडीचें असलें, तरी धोक्याचें आहे. पण ज्यानें गेलेल्या घराची आठवण बाळगली, त्यानेंच पुढें न मिळणाऱ्या घराची कथा पडद्यावर आणली, एवढी गोष्ट नोंदवून ठेवण्यास हरकत नाहीं.

१९६१ सालीं भीमसेन मुंबईस फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेंत पार्श्वभूमि रंगविणारे चित्रकार म्हणून लागले. ही संस्था १९४८ सालीं स्थापन झाली होती. १९५६ सालीं तेथें कार्टून विभाग सुरू झाला, आणि तो उभा करण्यासाठीं अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेखालीं डिस्नेंच्या कारखान्यांतील क्लेअर वीक्स नांवाचे अनुभवी चित्रकार मुंबईस आले. वीक्स हे मिशनरी आईबापांच्या पोटीं हिंदुस्थानांतच जन्मले होते. त्यांच्या देखरेखीखालीं १९५७ सालीं 'द बनियन डिअर' ही जातककथा तयार झाली. तींतील रेखाटनाला अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांचें वळण होतें. खानदेशच्या उंबरठ्यावर डोंगराच्या पोटांत दीड-दोन हजार वर्षांपूर्वीं भिक्षूंसाठीं रंगविलेलीं हरणें मुंबईच्या एका सरकारी इमारतींत चालूं लागलीं, आणि तीं चालविण्याची विद्या हॉलिवूडहून आली, ही या इतिहासांतील मोठी गमतीची गांठ आहे. वीक्स यांच्या हाताखालीं तयार झालेल्या तरुणांत राममोहन हे अग्रगण्य होते. केरळांत जन्मलेले आणि रसायनशास्त्राचा अभ्यास सोडून कार्टूनकडे वळलेले राममोहन हेच भीमसेन यांचे या कलेंतील गुरु.

पार्श्वभूमि रंगविणें म्हणजे काय, हें समजल्याखेरीज या शिष्याची घडण ध्यानांत यावयाची नाहीं. पडद्यावर एका सेकंदांत चोवीस चित्रें सरकतात. सात मिनिटांच्या चित्रपटांत दहा हजार ऐंशी चौकटी होतात, आणि एक रेखाटन दोन चौकटींस पुरविलें तरी पांच हजारांवर रेखाटनें करावीं लागतात. पक्ष्यानें पंख एकदां उचलून खालीं घ्यावा, एवढ्यासाठीं पारदर्शक पत्र्यांवर ओळीनें कितीतरी पक्षी काढावे लागत. पक्षी असा क्षणोक्षणीं बदले. त्याच्यामागचें झाड, आकाश, कौलारू घर मात्र एकदांच रंगवून खालीं ठेवलें जाई. पात्रें हालतात, जग स्थिर असतें. तेव्हां पार्श्वभूमीचा चित्रकार हा त्या जगाचा सुतार-गवंडी म्हणावा. कोणीं कोठें राहावें, कोणाच्या दारांत ऊन यावें, हें तो ठरवितो. भीमसेन यांनीं कित्येक वर्षें हें घरें बांधण्याचें काम केलें.

नंतर त्यांनीं स्वत:चा मार्ग धरला. १९७० सालचा त्यांचा 'द क्लाइंब' हा छोटा चित्रपट शिकागोच्या चित्रपट महोत्सवांत रौप्य ह्यूगो पारितोषिक मिळवून आला, आणि १९७१ सालीं त्यांनीं त्याच नांवाची स्वत:ची संस्था काढली. सरकारी नोकरींत महिन्याचा पगार ठरलेला असतो. स्वत:च्या संस्थेंत काम मिळालें तर पगार. हिंदुस्थानांत त्या काळीं कार्टूनपटांना गिऱ्हाईक मुख्यत: एकच, आणि तें म्हणजे सरकार. जाहिरातवाले दुसरे. चित्रपटगृहांतून मुख्य खेळापूर्वीं फिल्म्स डिव्हिजनचा लहान चित्रपट दाखविण्याची सक्ति होती. त्यामुळें त्या विभागाची कामें देशभर पोंचत. कुटुंबनियोजनासारखा प्रौढांचा विषयहि रेषांच्या द्वारें हंसतखेळत मांडला जाई. परंतु सांगावयाचें काय, हें बहुधा खात्यानें आधीं ठरविलेलें असे.

'एक अनेक और एकता' हें असेंच सरकारी काम. पण तें ज्या माणसांच्या हातीं पडलें तीं असाधारण होतीं. कल्पना आणि आंखणी विजया मुळे यांची. विजयाबाई मुंबईच्या, १९२१ चा जन्म. केंद्र सरकारच्या शिक्षणखात्यांत नोकरी करीत असतांना त्यांनीं चित्रपटाचा अभ्यास हें आपलें व्रत केलें. १९५९ सालीं देशांतील फिल्म सोसायट्यांचा संघ सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखालीं स्थापन झाला, त्याच्या उभारणींत विजयाबाईंचा वांटा मोठा होता. त्यांची कन्या सुहासिनी ही मृणाल सेन यांच्या १९६९ सालच्या 'भुवन शोम'ची नायिका, आणि त्याच बोलपटांतील कार्टूनचा भाग राममोहन यांनीं केला होता; म्हणजे ही सारी मंडळी एकमेकांच्या घरोब्यांतलीच. गीत दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचें. संगीत वसंत देसाई यांचें. 'दो आंखें बारह हाथ' आणि 'गुड्डी' या बोलपटांतील प्रार्थना ज्यांच्या चालींवर शाळाशाळांतून म्हटल्या गेल्या, तेच हे सावंतवाडीकडचे वसंतराव. ही चाल दिल्यावर थोड्याच काळांत, डिसेंबर १९७५ मध्यें, लिफ्टच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. आणि कंठ कोंकणांतील दाभोळ येथें जन्मलेल्या एका बालिकेचा. ती पुढें साधना सरगम या नांवानें प्रसिद्धीस आली. चित्रें भीमसेन आणि त्यांचे सहकारी यांचीं. भीमसेन आणि मौद्गल्य सोडले, तर एवढा मराठी हात असलेली ही कृति हिंदी म्हणून ओळखली जाते, याचें वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं; तिचा विषयच तो आहे.

थोरली बहीण आणि धाकटा भाऊ यांचा संवाद, भावाचा प्रश्न, बहिणीचें गाण्यांतून उत्तर आणि त्या उत्तराच्या पोटांत पक्ष्यांची कथा, अशी तिची साधी मांडणी. तिला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. खरें पारितोषिक पुढें दूरदर्शननें दिलें. दिल्लींत दूरदर्शनचा आरंभ १९५९ सालीं, मुंबईंत १९७२ च्या ऑक्टोबरांत झाला, आणि १९८४ च्या सुमारास लहान लहान प्रक्षेपकांचें जाळें देशभर पसरलें. दोन कार्यक्रमांच्या मध्यें ही सात मिनिटें वर्षानुवर्षें लागत राहिलीं. एखादें गाणें पाठ करण्यासाठीं मुलांना वेत दाखवावा लागतो असें मानणाऱ्यांना त्यावरून बरेंच शिकतां आलें असतें.

या चित्राचें बळ कशांत आहे, हें पाहावयाचें तर नंदुरबारसारखा जिल्हा डोळ्यांपुढें आणावा. जुन्या पश्चिम खानदेशचा, म्हणजे नंतरच्या धुळे जिल्ह्याचा भाग तोडून १ जुलै १९९८ रोजीं हा जिल्हा झाला. तापीकांठच्या सपाटींत गुजरी आणि अहिराणी, सातपुड्यांत अक्कलकुवा-धडगांवकडे भिली आणि पावरी, नवापूरकडे मावची, बाजारांत हिंदी-गुजराथी, आणि शाळेंत मराठी. पहिलींत आलेल्या पावरा मुलाला 'एकता' हा शब्द परका, आणि 'अनेक' तर त्याहून परका. त्याला एकीचा महिमा व्याख्यान देऊन सांगूं लागलें तर तो खिडकीबाहेर पाहील. पण जाळें हा शब्द त्याला सांगावा लागत नाहीं. जाळें, पक्षी, पारधी आणि उंदीर हीं त्याच्या रानांतलीं माणसेंच आहेत. सारे पक्षी एकदम उठतात आणि पारधी तोंड वासून खालीं राहतो, या एका दृश्यांत सर्व भाषा येऊन मिळतात. हें यश केवळ गीताचें नव्हे. रेषेनें आधीं गोष्ट सांगितली आहे, आणि शब्द तिच्या मागून चालले आहेत.

येथपर्यंत भीमसेन यांची वाट सरळ दिसते. अशा कृतीनंतर माणसानें मुलांसाठीं आणखी पंधरा-वीस चित्रें काढावीं, मान मिळवावा आणि त्यांत समाधान मानावें. त्यांनीं तसें केलें नाहीं. १९७७ सालीं त्यांनीं 'घरौंदा' निर्माण केला आणि स्वत:च दिग्दर्शित केला. कथा डॉ. शंकर शेष यांची, पटकथा गुलजार यांची, संगीत जयदेव यांचें. हा बोलपट समजावयाचा तर मुंबईंतील घरांचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें जागांचीं भाडीं १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. भाडेकरू वांचला, परंतु भाड्यासाठीं नवें घर बांधण्यांत कोणाला लाभ उरला नाहीं, आणि चाळ बांधणारा जुना मालक हळूहळू नाहींसा झाला. रिकामी खोली मिळवावयाची म्हणजे पागडी मोजावयाची. पागडी नसेल त्यानें इमारत उठण्यापूर्वींच बिल्डरच्या हातीं पैसे ठेवून मालकी हक्काची जागा घ्यावयाची. या व्यवहारांत इतकी लबाडी माजली कीं १९६३ सालीं महाराष्ट्र सरकारला मालकी हक्काच्या सदनिकांसाठीं निराळा कायदा करावा लागला. कायदा झाला, तरी बिल्डर पळून जावयाचे ते गेलेच. १९७६ सालीं शहरी जमिनीवर कमाल मर्यादा आली. कागदावर हें सारें गरिबांच्या बाजूचें. प्रत्यक्षांत कचेरींतील कारकुनाला एक खोली दुर्मिळ.

'घरौंदा'चा नायक सुदीप हा असाच कारकून. सोबत्यांबरोबर एका खोलींत राहणारा. त्याची सहकारी छाया भावाच्या लहानशा संसारांत दाटीवाटीनें दिवस काढते. दोघांचें प्रेम आहे, आणि लग्नाआड काय येतें तर चार भिंती. जात आड येत नाहीं, वडीलधाऱ्यांचा विरोध आड येत नाहीं. दोघें शहरभर घरें पाहत हिंडतात, पैसा पैसा जमवून तो बिल्डरला देतात, आणि बिल्डर पसार होतो. त्याच आघातानें सुदीपचा एक सोबती आत्महत्या करतो. येथपर्यंतची कथा कोणीहि भला माणूस लिहूं शकला असता. येथून पुढें ती अवघड होते. कचेरीचे मालक मोदी हे हृदयविकारानें ग्रासलेले श्रीमंत विधुर; त्यांचें मन छायेवर बसतें. सुदीप तिला म्हणतो, हें लग्न तूं कर. हा गृहस्थ कांहीं फार दिवस जगत नाहीं. मग घरहि आपलें आणि पैसाहि आपला. ज्या प्रियकरासाठीं घर हवें, तोच घरासाठीं प्रेयसी दुसऱ्याच्या हवालीं करावयास तयार होतो. छायेला त्याची किळस येते. पण परिस्थिति तिला त्याच दारांत नेऊन सोडते. आणि लग्नानंतर मोदी मरत नाहींत. बायकोच्या सहवासांत त्यांची प्रकृति सुधारूं लागते, छायेलाहि त्यांच्याविषयीं माया वाटूं लागते, आणि बाहेर सुदीप एका मृत्यूची वाट पाहत झिजत जातो.

हा विषय त्या काळच्या हिंदी बोलपटांच्या मानानें फारच धीट होता. यांत खलपुरुष शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. पळून गेलेला बिल्डर खरा गुन्हेगार, पण तो कथेंतूनहि पळालेला आहे. श्रीमंत मालक हा लंपट असावा असा प्रेक्षकाचा अंदाज, तोहि खोटा ठरतो. जाळें आहे, आणि त्यांतले पक्षी एकदम उडण्याऐवजीं एकमेकांच्या पंखांवर पाय देत आहेत. एकीचें गाणें मुलांना शिकविणाऱ्या चित्रकाराला तीन वर्षांत ही अवकळा दिसली, याचें पुष्कळांना नवल वाटेल. तें वाटूं नये. मुलांना जें सांगितलें तें खोटें असल्याची कबुली म्हणून त्यानें हा बोलपट काढला, असा अर्थ त्यांतून निघत नाहीं. एकत्र उडण्याची किंमत ज्याला कळली, त्यालाच एकटें उडूं पाहणाऱ्याची गति स्पष्ट दिसते.

पात्रयोजनेंत पुन्हां महाराष्ट्र आहेच. सुदीप म्हणजे अमोल पालेकर. हेहि मूळचे जे. जे. कलाशाळेंत शिकलेले चित्रकार. छाया झरीना वहाब. मोदींची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनीं केली, आणि तिच्याबद्दल त्यांना साहाय्यक अभिनेत्याचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. गुलजार यांनाहि एका गीताबद्दल मिळालें. ज्यांनीं १९७० च्या डिसेंबरांत 'नटसम्राट' पाहिलें होतें, त्यांना या भूमिकेंत एक निराळीच खोंच जाणवली असली पाहिजे. रंगभूमीवर डोक्यावरचें छप्पर गमावून बसलेला म्हातारा नट उभा करणारा हा अभिनेता येथें घर देऊं शकणारा एकमेव माणूस होऊन येतो.

असा विषय भीमसेन यांनीं आपल्या हातच्या कलेंत, म्हणजे रेषांत, कां मांडला नाहीं, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. अमेरिकेंत त्याच सुमारास राल्फ बाक्शी नांवाच्या कार्टूनकारानें तसें केलें होतें. बाक्शी हे टेरीटून्स या कारखान्यांत मुलांच्या कार्टूनांवर काम शिकले. 'माइटी माउस'चा उंदीर तेथलाच. १९७२ सालीं त्यांनीं 'फ्रिट्झ द कॅट' काढला, आणि अमेरिकेंत केवळ प्रौढांसाठीं असा शिक्का बसलेला तो पहिला कार्टूनपट ठरला. दुसऱ्या वर्षीं 'हेवी ट्रॅफिक' आला. त्यांत न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्या आणि त्यांतील भाषा जशीच्या तशी होती. भल्या लोकांनीं कानांवर हात ठेवले, आणि चित्रपटगृहें भरलीं. मौज अशी कीं १९७७ सालीं भीमसेन मुलांकडून मोठ्यांकडे गेले, त्याच वर्षीं बाक्शी 'विझर्ड्स' काढून सहकुटुंब पाहण्याजोग्या चित्राकडे वळले, आणि १९८७ सालीं तर दूरचित्रवाणीवर पुन्हां त्या जुन्या उंदराला घेऊन आले. दोघेहि दोन घरांत ये-जा करणारे. पण बाक्शी यांनीं दोन्ही घरांत एकच हत्यार वापरलें, भीमसेन यांनीं दाराशीं तें बदललें.

याचें कारण भित्रेपणांत शोधूं नये. तें हिशेबांत सांपडतें. दोन तासांच्या बोलपटांत एक लक्ष बहात्तर हजार आठशें चौकटी होतात. एवढीं चित्रें काढणारे शेंकडों हात, तेवढीं वर्षें आणि तेवढा पैसा मुंबईंत कोणाजवळ नव्हता. जपानी भांडवल आणि जपानी कारागीर आले, तेव्हां कोठें राममोहन यांना १९९२ सालीं युगो साको यांच्याबरोबर रामायणावरील पूर्ण लांबीचा कार्टूनपट करतां आला. शिवाय सरकारी खात्यानें 'घरौंदा'ची कथा रेषांत काढावयास पैसे दिले असते, असें समजणें भाबडेपणाचें होईल. तेव्हां भीमसेन यांनीं पात्रें सोडलीं आणि पार्श्वभूमि घेतली, असें म्हणतां येईल. अर्धवट उठलेल्या इमारती, कोंदट खोल्या, गर्दीचे रस्ते हीं या बोलपटांतील मुख्य पात्रेंच आहेत. माणसें त्यांच्यापुढून हालत जातात. पूर्वींच्या नोकरींतली नजर येथें कामास आली.

१९७९ सालीं त्यांनीं 'दूरियां' काढला. उत्तमकुमार आणि शर्मिला टागोर यांचा हा बोलपट, नोकरीच्या ओढाताणींत दुरावत जाणाऱ्या पतिपत्नींचा. 'घरौंदा'ची धार त्याला नाहीं. पुढें ते दूरदर्शनच्या मालिकांकडे आणि पुन्हां कार्टूनकडे आले; १९९० नंतरच्या दशकांत संगणकाच्या साह्यानें चित्रें हालविण्याचे नवे प्रयोगहि त्यांनीं केले, आणि अनेक राष्ट्रीय पारितोषिकें मिळविलीं. त्यांचे चिरंजीव किरीट यांनींहि हाच व्यवसाय पत्करला. ज्या संस्थेंत भीमसेन यांनीं ब्रश धरला, ती फिल्म्स डिव्हिजन मात्र २०२२ सालच्या सरकारी आदेशानें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली.

१७ एप्रिल २०१८ रोजीं मुंबईंत भीमसेन यांचें निधन झालें. मृत्युवार्ता देतांना वृत्तपत्रांनीं 'एक अनेक और एकता'चें नांव आधीं घेतलें आणि 'घरौंदा'चें नंतर. सात मिनिटांच्या कृतीनें दोन तासांच्या कृतीला मागें टाकलें, हें त्या क्रमावरून दिसतें. मोठ्यांची कला श्रेष्ठ आणि मुलांची दुय्यम मानणारे समीक्षक याला लोकांची भाबडी आवड म्हणतील. पण सातव्या वर्षीं पाहिलेलें चित्र माणूस साठाव्या वर्षींहि विसरत नाहीं, आणि चाळिसाव्या वर्षीं पाहिलेलें बहुधा दुसऱ्या दिवशीं विसरतो. तेव्हां मुलांसाठीं काम करणाऱ्यावर जबाबदारी अधिकच. विजयाबाई मुळे मे २०१९ मध्यें, आणि राममोहन त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत निवर्तले. दीड वर्षांत एक पिढी संपली.

त्याच २०१९ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत समीक्षकांच्या विभागाचा आरंभ 'बॉम्बे रोझ' या कार्टूनपटानें झाला. तो गीतांजली राव यांचा, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून बाहेर पडून त्यांनीं राममोहन यांच्याकडे काम केलें होतें. त्यांचा २००६ सालचा 'प्रिंटेड रेनबो' हा छोटा चित्रपट एका वृद्ध बाईचा, तिच्या मांजराचा आणि काड्यापेट्यांवरील रंगीत चित्रांचा. फाळक्यांनीं काड्या नाचविल्या, यांनीं पेट्या उघडल्या. 'बॉम्बे रोझ'मध्यें बालविवाहांतून सुटून मुंबईस आलेली फुलें विकणारी मुलगी आहे, काश्मीरहून आलेला तरुण आहे, आणि दोघांच्या प्रेमाला जागा न देणारें शहर आहे. सारी मुंबई, तिची चौपाटी, तिचा पाऊस आणि तिच्या झोपड्या, चौकटीमागून चौकट हातानें रंगविलेली आहे.